काकूंची दुपारची फेरी

आमच्या रस्त्याच्या वळणावर एक इस्त्रीचं दुकान आहे. लांबट खोली, पुढे काउंटर, मागे वाफेची इस्त्री आणि भिंतभर फळ्या. दुकानातूनच एक अरुंद जिना वर जातो आणि वरच्या दोन खोल्यांत नवरा-बायको राहतात. नवऱ्याला सगळे घडीकाका म्हणतात, कारण त्यांनी घातलेली शर्टाची घडी उलगडायला माणसाला वाईट वाटतं. त्यांचं खरं नाव आता फक्त लाइटबिलावर उरलं आहे. बायको म्हणजे काकू, नुसत्याच काकू.

माझं वह्या-पेनांचं दुकान त्यांच्या बरोबर समोर. त्यामुळे पुढे सांगते त्यातलं बरंचसं मी काचेतून पाहिलं आहे आणि उरलेलं घडीकाकांकडून ऐकलं आहे.

दोघांची ओळख झाली ती इस्पितळाच्या धोबीखान्यात. काका तिथे चादरी रोलरखाली घालायचे आणि काकू त्या ढकलगाडीवर रचून वॉर्डावॉर्डांत पोचवायच्या. लग्न झालं, मुलगी झाली, मग त्यांनी हे दुकान टाकलं. कामाची वाटणी ठरवायची गरजच पडली नाही. हात काकांचे, पाय काकूंचे. दुपारचं जेवण उरकलं की काकू कापडी पिशवी खांद्याला लावून निघायच्या आणि घरोघर कपडे पोचवायच्या. दारावर टकटक करून म्हणायच्या, "कपडे आलेत." कुणाचं पोट सुटलं, कुणाकडे पाहुणा मुक्कामाला आहे, कुणाच्या घरात बोलणं बंद आहे, हे त्यांना कपड्यांवरून कळायचं, पण या कानाचं त्या कानाला नाही. अशा बाईवर लोक जीव टाकतात, आणि आम्ही टाकायचोच.

पहिली चूक झाली तेव्हा सगळा रस्ता हसला होता. बेकरीवाल्याचा पांढरा डगला दातांच्या डॉक्टरांकडे गेला आणि डॉक्टरांचा कोट बेकरीत. बेकरीवाला तो कोट घालून दिवसभर पाव विकत बसला आणि येईल त्या गिऱ्हाइकाला "जरा आ करा" म्हणत राहिला. काकूही डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. घडीकाका मात्र हसले नाहीत. त्यांच्या मते काकूंच्या हातून अशी अदलाबदल होणं म्हणजे नदी उलटी वाहण्यासारखं होतं.

मग एका दुपारी काकू पिशवी घेऊन माझ्या दारात आल्या आणि मला विचारलं, "दुकानाकडे कसं जायचं हो?"

"कुठल्या दुकानाकडे, काकू?"

"आमच्या."

मी नुसतं बोट दाखवलं. दुकान समोरच होतं आणि काचेआड काका इस्त्री करत होते. काकूंनी तिकडे पाहिलं, ओशाळल्या, आणि म्हणाल्या, "हो की. उन्हाने डोळे दिपले." ऊन नव्हतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि स्मृतिभ्रंश असल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थोडं सावरेल, पण गाडी मागे फिरायची नाही, असंही स्पष्ट सांगितलं. घडीकाकांनी ऐकून घेतलं, घरी आले, आणि दुसऱ्या दिवसापासून काचेवर कागद चिकटवला: कपडे दुकानातूनच न्यावेत. काकूंसाठी टेबलाशेजारी खुर्ची टाकली आणि त्यांच्यापुढे हातरुमालांचा ढीग ठेवला. काकू सकाळभर गुणगुणत रुमालांच्या घड्या घालायच्या. घडीत कुठे चूक नसायची. डोकं विसरलं तरी हात विसरले नव्हते.

पण दुपार झाली की त्यांच्या पायाला भिंगरी लागायची.

"अहो, निघते मी. लोक वाट बघत असतील."

"अगं, आज काही पोचवायचं नाही."

"मग फळ्या का भरल्यात?"

काका विषय बदलायचे, काकू थोडा वेळ बसायच्या आणि काकांची पाठ फिरली की दार उघडून चालायला लागायच्या. एकदा फुलवालीने त्यांना परत आणलं, एकदा बसच्या कंडक्टरने. मुलगी दुसऱ्या शहरात विमा कंपनीत आहे. तिने फोनवर सांगितलं, "बाबा, दाराला बाहेरून कडी लावा. तुमचाही जीव टांगणीला राहायला नको." बोलणं रास्त होतं. काकांनी कडी आणली. दुपारी काकूंना वर नेऊन आडवं करायचं, बाहेरून कडी घालायची आणि खाली येऊन काम ओढायचं, असं सुरू झालं.

काही दिवस निभावलं. मग एका दुपारी मला रस्त्यापलीकडून धडधड ऐकू आली. वर पाहिलं तर काकू खिडकीच्या काचेवर हात आपटत होत्या. खाली वाफेच्या आवाजात काकांना काहीच कळलं नव्हतं. मी धावत गेले, आम्ही दोघं जिना चढलो, कडी काढली. काकूंचे केस सुटलेले, बोटांच्या पेरांची सालं निघालेली. त्या ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. काकांकडे बघून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मी काय केलंय? मला सांगा तरी."

काकांनी त्यांचे हात धुतले, मलम लावलं. नंतर ते माझ्या दुकानात येऊन स्टुलावर बसले. "तिला मला बोल लावायचा नव्हता," ते म्हणाले, "तिला खरंच विचारायचं होतं. तेच सोसत नाही." त्याच संध्याकाळी त्यांनी पेचकस घेऊन कडी काढून टाकली.

कडी गेली, पण तिच्या जागी काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि थंडी सुरू होता होता व्हायचं ते झालंच. एक गिऱ्हाईक कॉलरवरच्या डागाची तक्रार घेऊन आलं आणि काका त्याची समजूत घालत होते. वळून बघतात तर खुर्ची रिकामी. काका तसेच उजवीकडे पळत सुटले, तिथून बसथांब्यापर्यंत गेले, धापा टाकत परत आले. तोवर मी पोलिसांना फोन लावला होता. स्कूटरवरून एक हवालदारबाई आल्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या असतील, पण बोलणं थंड पाण्यासारखं.

"काका, आधी घरात बघितलंत? पलंगाखाली, न्हाणीघरात, कपाटाच्या मागे?"

बघितलं. नव्हत्या.

"अलीकडचा फोटो?"

भिंतीवर होता तो दोघांच्या तरुणपणचा. माझ्या फोनमध्ये निघाला एक. मी दुकानाच्या नव्या पाटीचा काढला होता आणि कोपऱ्यात काकू उभ्या होत्या.

"अंगात काय होतं?"

आता मात्र काका सावरले. "करड्या चौकड्यांचा कोट. वरून तिसरं बटण बदललेलं, जरा गडद. आतून अस्तर पिवळट."

"बरं. रिकाम्या हाताने गेल्या की काही घेऊन?"

हा प्रश्न आमच्या कुणाच्या डोक्यात आला नव्हता. काकांनी फळ्यांवर नजर फिरवली आणि खालच्या फळीपाशी थांबले. एका लॉजच्या पांढऱ्या चादरी तिथे रचून ठेवल्या होत्या. फळी मोकळी होती.

"पांढऱ्या चादरी ती एकाच ठिकाणी पोचवायची," ते म्हणाले. "इस्पितळात."

इस्पितळ जुन्या जागेतून हलून जमाना झाला. जुनी इमारत मोठ्या रस्त्याच्या पलीकडे आहे आणि तिथे आता पार्सलचं गोदाम आहे. हवालदारबाईंनी वायरलेसवर कुणाला तरी सांगितलं, काकांना म्हणाल्या, "बसा मागे," आणि स्कूटर सुरू केली. घडीकाका दोन्ही हातांनी सीट आवळून बसले होते. मी दुकान उघडं टाकून रस्त्यात उभी राहिले. पाचावर धारण बसते म्हणतात, ती मला तेव्हा कळली.

काकू तिथेच होत्या. गोदामाच्या मागच्या अंगाला, जिथे पूर्वी धोबीखान्याचं दार होतं तिथे, एका खोक्यावर बसलेल्या. गुडघ्यांवर कुणाचं तरी जाकीट होतं आणि हातात वाफाळता पेला. गोदामातले हमाल भोवती उभे होते आणि काकू त्यांना झापत होत्या. "पेशंट गार पडलेत आणि तुम्ही दार उघडत नाही."

घडीकाका जवळ गेले. "अगं, चादरी कुठे?"

"दिल्या की. यांनी घेतल्या." त्यांनी एका दणकट हमालाकडे हात केला. तो बिचारा चादरींचा गठ्ठा छातीशी धरून उभा होता. त्याने काकांना बाजूला घेऊन सांगितलं की म्हातारीबाई कुणाचंच ऐकेनात, थरथरत होत्या, हात लावू देत नव्हत्या, मेट्रनबाईंना बोलवा म्हणत होत्या. शेवटी तोच म्हणाला, मेट्रन आत आहेत, मी नेऊन देतो. त्याने चादरी हातात घेतल्या मात्र, बाई एकदम शांत झाल्या. खोक्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आता घोटभर काहीतरी गरम द्या."

जीव भांड्यात पडला, पण त्या मोठ्या रस्त्यावरून त्या कशा पलीकडे गेल्या असतील, कुणास ठाऊक. ट्रक थांबत नाहीत तिथे. येताना हवालदारबाईंनी काकांना एवढंच सांगितलं, "पुन्हा असं झालं तर पळत सुटायच्या आधी आम्हाला फोन करा. उगाच तक्रार कशाला, असं म्हणू नका. वाट बघण्यातच वेळ जातो."

स्मृतिभ्रंशाच्या दवाखान्यात एक सिस्टर होत्या. काकांनी त्यांना सगळं सांगितलं, कडीचंही आणि गोदामाचंही. सिस्टर म्हणाल्या, "या आजारातलं माणूस उगाच बाहेर पडत नाही. त्याला कुठेतरी पोचायचं असतं, काहीतरी उरकायचं असतं. पुष्कळ घरांना ते काय आहे तेच उमगत नाही. तुम्हाला उमगलंय." मग त्यांनी चार गोष्टी समजावल्या. दाराला घंटी लावा. कपड्यांत नाव आणि फोन नंबर असू द्या. फोटो ताजा ठेवा. "आणि लपवू नका. लाजेपायी घरचे लपवतात, आणि मग शेजाऱ्यांच्या डोळ्यांदेखत माणूस निघून जातं; त्यांना वाटतं, फिरायला चाललंय."

काका म्हणाले, "तो हमाल चादरी घेतो म्हणाला आणि ती शांत झाली. तसं रोज करता येईल का?"

सिस्टरनी विचार केला. "करून बघा. पण एकट्याच्या भरवशावर नको."

दुसऱ्या दिवशी घडीकाका कडक इस्त्रीचा शर्ट घालून घरोघर निघाले. सुरुवात माझ्यापासून. काउंटरपाशी उभे राहून त्यांनी पाठ केल्यासारखं सांगितलं, "आमच्या हिला विसरण्याचा आजार झालाय. ती वाट चुकते. पण दुपारी काम केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. मी तिच्याकडे टॉवेल देणार. टॉवेल आमचेच आहेत. ती तुमच्याकडे आणून देईल, तुम्ही घ्यायचे, दोन शब्द बोलायचे आणि ती निघाली की मला फोन करायचा. संध्याकाळी मी येऊन टॉवेल घेऊन जाईन. जमेल का?"

"न जमायला काय झालं?" मी म्हटलं. त्यांनी खिशातून रुमाल काढून कपाळ पुसलं. एवढं बोलणं त्यांना चादरींच्या गाडीपेक्षा जड गेलं होतं.

घरं त्यांनी निवडून घेतली होती. सगळी रस्त्याच्या एकाच बाजूची. माझ्या दुकानापाशी तेवढं ओलांडायचं, तेही काकांच्या नजरेसमोर. मग दातांचे डॉक्टर, मग गल्लीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे शाळेच्या बाई म्हणतात, आणि शेवटी बेकरी. बेकरी अगदी मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी आहे. बेकरीवाल्याने सांगितलं, "काका, माझी खुर्ची मी दाराकडे तोंड करून मांडतो. काकू माझ्या पुढे गेल्या तर मला नावं ठेवा."

नाही म्हणाल्या त्या फक्त शाळेच्या बाई. "मी जन्मभर मुलांना खरं बोलायला शिकवलं. आता या वयात नाटकात काम करू?"

"बरं," असं म्हणून काका परत आले. राग नाही, आर्जव नाही. दोन-चार दिवसांनी बाई स्वतःच काठी टेकत दुकानात आल्या. "टॉवेल घेईन मी. पण खोटं बोलणार नाही. घडी चांगली असेल तर चांगली म्हणेन, नसेल तर नाही म्हणेन."

आणि तसंच केलं. पहिल्याच दिवशी त्यांनी टॉवेल हातात घेऊन चष्म्यातून न्याहाळला आणि म्हणाल्या, "ही कड वाकडी आहे." आम्ही तोंडात बोट घातलं असतं. काकूंनी मात्र टॉवेल परत घेतला, बाईंच्या टेबलावर पसरला, तळव्याने सुरकुती सारली आणि पुन्हा घडी घालून दिली. बाई म्हणाल्या, "आता बरोबर." काकू संध्याकाळभर काकांना सांगत होत्या, "शाळेच्या बाई कडक आहेत हो, पण कपड्यातलं कळतं त्यांना." आम्ही बाकीचे गोड बोलत होतो, पण मान दिला तो बाईंनी, असं मला तेव्हा वाटलं.

कोटाच्या कॉलरीत आतून काकांनी लाल दोऱ्याने नाव आणि फोन नंबर टाचला. धोबीखान्यात प्रत्येक कपड्यावर अशी खूण घालतात, नाहीतर कुणाचा कपडा कुणाकडे जाईल. काकूंनी ती पाहिली आणि मान डोलावली. "खूण हवीच. नाहीतर हरवतं."

फेरी सुरू झाली. जेवणानंतर काकू पिशवी खांद्याला लावून निघायच्या. माझ्याकडे टॉवेल देऊन म्हणायच्या, "कपडे आलेत." मी म्हणायची, "बरं झालं बाई, वाटच बघत होते." मग मी काकांना खूण करायची आणि दारात उभी राहून डॉक्टरांच्या पायरीपर्यंत त्यांना बघायची. डॉक्टर फोनवरून काकांना आणि बाईंना कळवायचे, बाई काकांना आणि बेकरीला. शेवटी बेकरीवाला काकूंना एक बनपाव देऊन परत वळवायचा. परत येताना काकूंच्या चालण्यात वेगळाच डौल असायचा. काम उरकलेल्या माणसाला असतो तसा. रात्रीची झोपही लागायला लागली. काकांच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं फिकी झाली.

नाही म्हणायला घोटाळे व्हायचेच. एकदा काकूंनी सगळे टॉवेल एकट्या डॉक्टरांकडे दिले आणि बाकीच्यांकडे रिकामी पिशवी घेऊन गेल्या. बाईंनी सरळ सांगितलं, "आज माझे कपडे आले नाहीत." काकू इतक्या वरमल्या की बाईंनाच वाईट वाटलं आणि त्यांनी कपाटातला स्वतःचा पलंगपोस काढून दिला: "हा इस्त्रीला न्या." तो पलंगपोस पुढे दर आठवड्याला येऊ-जाऊ लागला. त्याला इस्त्रीची काही गरज नव्हती.

खरी धांदल उडाली ती मुलगी आलेली असताना. सुट्टी काढून ती आईबाबांकडे राहायला आली होती. फेरीबद्दल बाबांनी तिला फोनवर नुसतं, "जरा पाय मोकळे करते," एवढंच सांगितलेलं. त्या दिवशी पाइप टाकायला बाईंची गल्ली खणली होती आणि पत्रे लावून बंद केली होती. काकू पत्र्यांपाशी थबकल्या असतील आणि पुढच्या गल्लीत वळल्या असतील. काकांना डॉक्टरांचा फोन आला होता, बाईंचा येईना. मग बाईंनीच फोन केला, "त्या अजून पोचल्या नाहीत. मी निघते आहे बघायला." काकांनी या वेळी धाव घेतली नाही. आधी हवालदारबाईंना फोन केला, फोटो पाठवला, मग निघाले. बेकरीवाला मोठ्या रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिला. बाई काठी आपटत गल्ली पालथी घालत होत्या.

पुढच्या गल्लीत एक नवा भाडेकरू आला होता. रात्रपाळी करायचा, दुपारी झोपायचा; दार नुसतं लोटलेलं. तो झोपेतून उठून बाहेरच्या खोलीत आला, तर त्याच्या आरामखुर्चीत एक आजीबाई गाढ झोपलेल्या. त्याच्या खुर्चीवरचे मळके कपडे घड्या घालून स्टुलावर रचलेले, वर दोन पांढरे टॉवेल. बनियनवर उभा राहून तो बघतच राहिला. तेवढ्यात काकूंना जाग आली. त्यांनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि विचारलं, "कोण पाहिजे तुम्हाला?"

भला माणूस होता. म्हणाला, "कुणी नाही, असाच आलो." काकूंच्या कोटाची कॉलर दुमडली होती, लाल दोरा दिसत होता. त्याने नंबर वाचला आणि फोन केला.

काकू हसतमुख घरी आल्या, पण दुकानात मुलगी तापलेली होती. मी बाईंना पाणी द्यायला आत गेले होते, त्यामुळे सगळं कानावर पडलं.

"बाबा, तुम्ही आईला एकटीला रस्त्यावर सोडता? हा जुगार आहे."

"एकटी नसते ती."

"आज नव्हती एकटी? तो माणूस चांगला निघाला म्हणून बरं."

हेही खोटं नव्हतं. काका म्हणाले, "तू म्हणतेस ते बरोबर आहे. पण कडी लावली होती तेव्हा घरातच तिच्या हाताला रक्त आलं होतं. ते मी तुला सांगितलं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीने कोट चढवला आणि म्हणाली, "आज मी मागून जाते. आईला कळू देणार नाही." आणि गेली. आधी माझ्या दारावरून, मग डॉक्टरांच्या, अंतर ठेवून. परत आली ती आईच्याही नंतर. बेकरीच्या कट्ट्यावर बसून राहिली होती म्हणे. माझ्याकडे येऊन तिने एक पेन मागितलं; पेन तिला नको होतं. "आई पाठ ताठ करून चालत होती," ती म्हणाली. "घरात मला ती इतकीशी दिसते. आणि बाई तिला रागावल्या तेव्हा आई त्यांच्याशी वाद घालत होती, मावशी. कितीतरी दिवसांत तिने माझ्याशी वाद घातला नाही."

मग दोघांनी मिळून तोडगा काढला. मुलीने एक छोटं यंत्र आणलं, जे पिशवीच्या पट्ट्यात शिवून टाकलं की आई कुठे आहे ते बाबांच्या आणि तिच्या फोनवर दिसतं. काकांना आधी ते पटत नव्हतं. बायकोवर पहारा ठेवल्यासारखं वाटत होतं. "बाबा, पहारा नाही तो," मुलगी म्हणाली, "तुम्ही पूर्वी दारात उभं राहून बघायचात ना, तसंच." काकांनी पट्टा स्वतः शिवला. रस्ता खणलेला असेल किंवा धुकं असेल त्या दिवशी कुणीतरी सोबत जायचं, हेही ठरलं. नव्या भाडेकरूने स्वतःहून सांगितलं, मलाही एक टॉवेल येऊ द्या, मी तसाही त्या वेळेला उठतोच.

याला आता बराच काळ लोटला. आजार थांबलेला नाही. फेरी हळूहळू आखूड होत गेली. आधी बेकरी गळली, मग डॉक्टर. काकूंचे पाय अडखळायला लागले तेव्हा काका बरोबर जायला लागले, पिशवी मात्र काकूंच्याच खांद्याला. शाळेच्या बाईंचा पलंगपोस न्यायला त्या आता जात नाहीत. बाईच येतात, स्टुलावर बसतात आणि घडीला नावं ठेवतात. काकूंना बाई कोण ते आठवत नाही. पण नावं ठेवायला लागल्या की चेहरा खुलतो.

मध्यंतरी हवालदारबाईंनी एका कुटुंबाला काकांकडे पाठवलं होतं. त्यांचे आजोबा पहाटे उठून घराबाहेर पडायचे. मुलगा आणि सून, दोघंही जागरणाने पिचलेली. काकांनी त्यांना बसवलं आणि पहिलं विचारलं, "कुठे जायचं म्हणतात?"

"घरी जायचं म्हणतात. घरात बसून," सून म्हणाली.

"पूर्वी करायचे काय ते?"

"दुधाच्या गाडीवर होते."

काका हसले. "मग पहाटेच जाणार. दुसऱ्या कुठल्या वेळी जातील?" पुढे काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. सिस्टरांचा पत्ता दिला आणि म्हणाले, "आधी शेजाऱ्यांना सांगा. अवघड जातं. मी शर्ट बदलून गेलो होतो." त्या घराने काय केलं ते मला ठाऊक नाही, पण मुलगा जाताना काकांचा हात दोन्ही हातांत धरून उभा होता.

काकू अलीकडे काकांना पुष्कळदा 'मालक' म्हणतात. त्यांना वाटतं, आपण इथे कामाला आहोत. काकांना पहिल्यांदा ते लागलं. आता नाही. "मालक चांगला आहे असं तिचं मत आहे," ते म्हणतात. "एवढं तरी कुठल्या नवऱ्याच्या वाट्याला येतं?"

परवा मी त्यांच्याकडे कपडे आणायला गेले होते. काकू खुर्चीत बसून रुमाल उलगडत होत्या आणि पुन्हा मिटत होत्या. एकदम मान वर करून म्हणाल्या, "मालक, मला उद्या सुट्टी हवी."

काकांनी इस्त्री बाजूला ठेवली. "कशाला?"

काकूंनी विचार केला. कारण काही सापडेना. "थकले मी," त्या म्हणाल्या, "आणि हवा चांगली आहे."

"घ्या की. हक्काची आहे."

काकूंनी समाधानाने मान हलवली. मग काकांकडे निरखून पाहिलं. "तुम्हीही घ्या, मालक. तुमचाही चेहरा उतरलाय."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद होतं. मी दुपारी बागेवरून जात होते तर दोघं उन्हात बाकावर बसलेली दिसली. काका शेंगा सोलून काकूंच्या तळहातावर ठेवत होते आणि काकू त्यातल्या निम्म्या चिमण्यांना टाकत होत्या. मी हाक मारली नाही. सुट्टीवर असलेल्या माणसांना गिऱ्हाइकाने कशाला त्रास द्यायचा?